इंजिन थंड चालतंय म्हणून सी-कॉक आवळू नका

नमस्कार साहेब,

आमच्याकडून ओव्हरहॉल होऊन गेलेलं तुमच्या बोटीचं डिझेल इंजिन पूर्वी ८० अंशांवर चालायचं, आता काटा ५० च्या पुढे जात नाही, आणि फोन केल्यावर आम्ही ‘आधी मोजून बघा’ एवढंच सांगितलं, अशी तुमची तक्रार आहे. एवढा खर्च करून बांधलेलं इंजिन असं वागलं की जीव खालीवर होणारच. पण कुणीतरी सी-कॉक (बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी आत घेणारा वॉल्व्ह) अर्धा बंद करायला सुचवलंय, असंही तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो.

कृपा करून सी-कॉक पूर्ण उघडा ठेवा. तिथून येणारं समुद्राचं पाणी हीट एक्स्चेंजरमधून (जिथे ते इंजिनाचं कूलंट गार करतं) पुढे एक्झॉस्टमध्ये मिसळतं आणि धूर थंड करतं. ते कमी पडलं की रबरी एक्झॉस्ट होज भाजते, पाण्याच्या पंपातल्या इंपेलरची (फिरत्या चाकाची) पाती घासून तुटतात. ब्लॉकमधलं कूलंट किती तापू द्यायचं, हे काम थर्मोस्टॅटचं आहे. तिथला दोष सी-कॉकवर काढला तर थंड इंजिनाचं जळकं इंजिन व्हायला वेळ लागत नाही.

मोजायला सांगितलं ते टाळाटाळ म्हणून नव्हे. काटा ५० दाखवतो म्हणजे ब्लॉक ५० वर आहेच असं नाही. सेंडर (गेजला तापमान कळवणारा सेन्सर) तापतो तसा त्याचा रेझिस्टन्स घटतो, म्हणून रेझिस्टन्स जास्त भासला की गेज इंजिन गार समजतो. अर्थिंग खराब असलं, सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली गेली, सेंडरपाशी हवा अडकली किंवा एकाच गेजसाठी बनवलेल्या सेंडरवर दोन गेज जोडले, तर काटा खालीच राहतो. त्यामुळे अर्धा तास लोडवर चालवून थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत धातूवर आकडा चुकतो, म्हणून काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. तिथे ७५-८० आले, तर इंजिन ठीक आहे, वायरिंग बघायचं.

तिथेही ५०-५५ च आले, तर दोष खरा आहे आणि माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर. ओव्हरहॉलनंतर जुन्या पॅसेजमधला गाळ किंवा गॅस्केटचा बारीक तुकडा सुटून वॉल्व्हमध्ये अडकतो आणि तो उघडाच राहतो. जॉबकार्डवर ८२ चा थर्मोस्टॅट बसवल्याची नोंद आहे. तो काढून गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवला की कळतं: ८२ च्या आसपास उघडायला सुरुवात व्हायला हवी आणि गार झाल्यावर पूर्ण मिटायला हवा. नवा घेताना आकडा पाहून घ्या. थेट खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना साधारण ६० चा लावतात, कारण त्याहून फार तापलं की आत क्षार धरतात. तुमच्या इंजिनात आत कूलंट असल्याने तो चालणार नाही.

‘थंड चालतंय ते बरंच’ असं अनेकजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. नव्या पिस्टन रिंगा घासून नीट बसण्याच्या काळात तर नाहीच. ब्लॉक गार राहिला की डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) गुळगुळीत होतात आणि पुढे ऑइल खाणं सुरू होतं. म्हणून तोवर नांगरावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर लगेच कळवा.

हाउसिंगवरचा आकडा आणि त्याच वेळचा गेजचा फोटो पाठवा. थर्मोस्टॅट अडकलेला निघाला तर आमचा माणूस बोटीवर येऊन तो बदलून देईल, त्याचे पैसे घेणार नाही.