मावशी, खडा ठोकू नकोस

'खरा हिरा घरीच ओळखा' असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. काल तो मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "अंगठीतला खडा काढून ठोकून बघू का?" म्हणून हे घाईने लिहितोय.

मेसेज म्हणतो, हिरा सर्वांत कठीण, तो हातोडीने फुटत नाही. फुटला तर खोटा. हे धादांत चूक आहे. खनिजाचा कठीणपणा म्हणजे ओरखडा उठू न देणं. घाव सोसणं ही वेगळी गोष्ट, तो चिवटपणा. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात की त्या प्रतलांवर नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. कारागीर याचाच उपयोग करत आले. 3106 कॅरटचा कलिनन हिरा 1908 मध्ये ॲमस्टरडॅमला जोसेफ ॲशर यांनी कसा फोडला? खाच पाडली, त्यात पातं धरलं आणि वरून घाव घातला. तो काय खोटा होता? उलट नेफ्राइट हा जेड या शोभेच्या दगडाचा प्रकार कठीणपणाच्या 1 ते 10 या मापात (हिरा 10) जेमतेम साडेसहा, पण त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले की घावाला तो हिऱ्याहून कितीतरी चिवट. हातोडीची ही समजूत पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही लिहून ठेवली आहे. तिच्यापायी खऱ्या हिऱ्याचे तुकडे होतात, आणि वर तोच खोटा ठरतो!

'काचेवर ओरखडा उठला की हिरा', हा दुसरा मुद्दा. त्याच मापात काच साधारण साडेपाच. साधी गारगोटी 7, तीही काच ओरखडते. हिऱ्याच्या जागी बसवतात ती क्युबिक झिर्कोनिया तर 8 च्या वर.

'माणिक 9, हिरा 10, म्हणजे फरक दहा टक्के.' नाही. हे माप खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांचं. त्यांनी 1812 मध्ये शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा खनिजं, कोण कोणाला ओरखडतं या क्रमाने लावली. हे शर्यतीतले नंबर आहेत, त्यांतून अंतर कळत नाही. नूप पद्धतीत ठरावीक भाराने हिऱ्याचं टोक दाबून खळगा मोजतात. तिथे माणिक ज्या खनिजाचं असतं तो कुरुंद 2000 च्या आसपास येतो आणि हिरा 7000 च्या पुढे.

हिऱ्यावर दुसऱ्या नैसर्गिक खनिजाचा ओरखडा उठत नाही, एवढं मात्र मेसेजमधलं मान्य करावं लागेल. पण दुसऱ्या हिऱ्याचा उठतो.

मावशी, अंगठी रत्नपरीक्षकाकडे ने. खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते तो बघेल. हिऱ्याच्या जागी बसवतात तो दुसरा खडा, मॉइसॅनाइट, त्या चाचणीत हिऱ्यासारखंच वागतं, म्हणून विजेची चाचणीही करायला सांग.