दोनशे चौदा पानांचे सामुदायिक लग्न

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती भेट देणार असल्याचे पत्र आले, की एरवी कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या गोष्टी महाविद्यालयातल्या प्रत्येकाला एकदम दिसू लागतात. गळणारे छत, ग्रंथालयातले बंद घड्याळ, क्रीडा विभागातले हवा गेलेले चेंडू, सारेच. २००२ सालच्या ऑगस्टमध्ये तालुक्याच्या गावातल्या आमच्या महाविद्यालयात या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली होती, आणि ती गोष्ट म्हणजे माझी वेबपाने.

ही पाने मी १९९८ पासून एकेक करून रचली होती. त्यांची संख्या २१४ झाली होती आणि त्या सर्वांना मिळून ‘भौतिकशास्त्राची आभासी प्रयोगशाळा’ असे भारदस्त नाव मी स्वतःच दिले होते. बहुतेक पानांत जावा भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम बसवलेला असे, त्याला अ‍ॅप्लेट म्हणत. विद्यार्थ्याने लंबकाची दोरी एक मीटर केली की लंबक जवळपास २ सेकंदांत एक आंदोलन पूर्ण करी, दोरी चौपट केली की त्याला दुप्पट वेळ लागे, आणि हे सर्व छताला हुक न ठोकता घडे. प्राचार्यांनी स्वयंमूल्यमापन अहवालात या प्रयोगशाळेवर तीन परिच्छेद लिहिले होते. समिती येण्यास पाच दिवस उरले असताना त्यांनी नव्याने घेतलेल्या दहा संगणकांपैकी एकावर लंबकाचे पान उघडले, आणि त्यांना एक करडा चौकोन दिसला.

“सर, लंबक कुठे आहे?” त्यांनी विचारले.

लंबक कुठेच नव्हता. जुन्या विंडोज ९८ च्या यंत्रांवर इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या पोटातच जावा असे, त्यामुळे त्याचा वेगळा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. परंतु जावाची जनक असलेल्या सन कंपनीने ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलरवर मिटला, आणि त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीत जावा मुळातून घातलेलाच नव्हता. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, असे आपल्याकडे म्हणतात. इथे तिसरा मी होतो आणि माझ्या वाट्याला करडा चौकोन आला होता.

उपाय मला ठाऊक होता, किंवा ठाऊक आहे असे मला वाटत होते, आणि पुढच्या चार दिवसांचे मूळ त्या वाटण्यात आहे. संगणकाच्या एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवर जावाचे १.४ क्रमांकाचे प्लग-इन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, होते, ते मी प्रयोगशाळेतल्या नऊ यंत्रांवर बसवले. बसवताना त्याने ब्राउझरविषयी काहीतरी विचारले, तेव्हा ‘नको त्या भानगडी’ असे म्हणून मी तिथल्या खुणा काढून टाकल्या. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, मला ते उशिरा आठवले. त्यानंतर पानांतला ‘अ‍ॅप्लेट’ हा टॅग, म्हणजे ब्राउझरला सूचना देणारी ओळ, बदलून त्याजागी प्लग-इनला कळेल असा मजकूर घालायचा होता. अ‍ॅप्लेट टॅग वापरू नये, ऑब्जेक्ट टॅग वापरावा, असे वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या ४.० आवृत्तीने डिसेंबर १९९७ मध्येच सांगून ठेवले होते, म्हणजे मी पहिले पान लिहिण्याच्या आधी; पण अशा सूचना आपल्यासाठी नसतात, अशी माझी समजूत होती. २१४ पाने हाताने बदलणे पाच दिवसांत शक्य नव्हते. सुदैवाने हे काम घाऊक करणारा ‘एचटीएमएल कन्व्हर्टर’ त्याच सामग्रीत होता.

हा कन्व्हर्टर नेमके काय करतो हे मी प्रयोगशाळा परिचर मामांना समजावून सांगितले, कारण ऐकायला दुसरे कोणी नव्हते. मामांच्या नोकरीची अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि ते चहा, चाव्या व डेड स्टॉक रजिस्टर (म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही) ही तीन खाती सांभाळत. मी म्हणालो, “मामा, लग्नात मुलीचे नाव बदलतात ना, तसे समजा. मात्र हिला दोन सासरे आहेत, म्हणजे दोन ब्राउझर. इंटरनेट एक्सप्लोररच्या घरी हिचे नाव ऑब्जेक्ट, नेटस्केपच्या घरी एम्बेड. माहेरचे नाव खाली टिपणीत लिहून ठेवायचे, म्हणजे विसरायला नको.”

“आणि दोनशे चौदा जणींचं एकाच मांडवात?”

“एकाच मांडवात.”

“मग अक्षता जास्त लागतील,” असे म्हणून मामा चहा आणायला गेले.

कन्व्हर्टरची खिडकी दिसायला अगदी साधी होती. कोणते फोल्डर घ्यायचे, कोणत्या प्रकारच्या फाइली, आतली उपफोल्डरे घ्यायची की नाही, मूळ फाइलींची प्रत कोठे ठेवायची, आणि टेम्प्लेट, म्हणजे नव्या टॅगचा साचा, कोणते. टेम्प्लेटे चार होती. पहिले विंडोज आणि सोलॅरिससाठी होते. सोलॅरिस नावाची वस्तू आमच्या तालुक्यात कोणी पाहिलेली नव्हती, पण समितीतले सदस्य कोठून येतील याचा नेम नसल्याने मी सर्व ब्राउझर व सर्व यंत्रे सामावून घेणारे विस्तारित टेम्प्लेट निवडले आणि कळ दाबली. पडद्यावर आकडे उमटले: तपासलेल्या फाइली १, सापडलेली अ‍ॅप्लेटे ०, चुका ०. त्यातला शेवटचा शून्य पाहून मला इतका आनंद झाला, की आधीच्या दोन आकड्यांकडे माझे लक्षच गेले नाही. कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या विद्यार्थ्याचेही एकही उत्तर चुकलेले नसते, हे सोळा वर्षे पेपर तपासूनही मला त्या क्षणी सुचले नाही. उपफोल्डरांसमोरची खूण करायची राहिली होती.

दुसऱ्या खेपेला खूण केली. आता आकडे भराभर धावू लागले. मामा कपबशी हातात धरून उभे होते आणि प्रत्येक फाइलीचे नाव सरकताच ‘हं’ म्हणत होते. शेवटी २१४ फाइली, २३२ अ‍ॅप्लेटे आणि ० चुका असा हिशेब लागला. माझ्या वहीत अ‍ॅप्लेटे २३१ होती. हे एक जास्तीचे आले कोठून, याचा शोध घेताना असे कळले, की ‘आपले पहिले अ‍ॅप्लेट’ या पाठात विद्यार्थ्यांना पाहून लिहिता यावे म्हणून मी चौकटीत नमुन्याचा टॅग जसाच्या तसा टंकला होता. मांडवात कोणाची मुलगी आणि कोण नुसते जेवायला आले आहे, याची चौकशी घाऊक कामात होत नसते. नमुन्याचेही लग्न लागले होते. ‘अ‍ॅप्लेटचा टॅग अत्यंत सोपा असून तो पुढीलप्रमाणे एका ओळीत लिहावा’ या माझ्या वाक्याखाली आता ऑब्जेक्ट, एम्बेड, एक बत्तीस अंकांचा ओळखक्रमांक, दोन टिपण्या आणि मूळ ओळ असा भला मोठा मजकूर उभा होता.

पण लंबक हलत होता. नऊही यंत्रांवर हलत होता. त्या आनंदात मी प्राचार्यांना त्यांच्या दालनातल्या दहाव्या यंत्रावर पान उघडून पाहण्यास सांगितले. त्या यंत्रावर मी प्लग-इन बसवलेलेच नव्हते. रूपांतरित पानाचा स्वभाव असा असतो, की प्लग-इन दिसले नाही तर ते आणण्यासाठी स्वतःच इंटरनेटकडे धाव घ्यायची. आणि आमचे इंटरनेट म्हणजे कार्यालयाच्या फोनला जोडलेला मोडेम. विद्यापीठाला फोन लावण्यासाठी प्राचार्यांनी रिसीव्हर उचलला, तेव्हा त्यांच्या कानात जो किंकाळीवजा आवाज शिरला त्याचे वर्णन त्यांनी मला नंतर बराच वेळ ऐकवले.

संध्याकाळी डिस्कवर जागा कमी असल्याची सूचना आली. मामा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होते. “सर, हा ‘बाक’ कसला?” त्यांनी विचारले. कन्व्हर्टर मूळ फाइलींची प्रत ठेवतो तेव्हा फोल्डरच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि बी, ए, के ही तीन अक्षरे जोडतो. मामांना शाळेत शिकलेले इंग्रजी तेवढे पुरले होते. मी म्हणालो, “हा जुना बाक. आता नव्या खुर्च्या आल्या आहेत, तेव्हा याचे काम नाही.” आणि मी तो मोडला. म्हणजे पुसला, आणि पुसलेल्या फाइलींची टोपलीही लगोलग रिकामी केली. निर्लेखनाचा ठराव झाल्याशिवाय एक मोडकी स्टुलाची तंगडीही न टाकणारे मामा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिले, तिचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी मी नव्या यंत्रांवर मराठी फॉन्ट बसवायला घेतला. तोवर तो नसल्यामुळे पानांवरची मराठी नुसती चिन्हांची रांगोळी दिसत होती, आणि रांगोळीत एखादा ठिपका चुकला तर कोणाला कळणार? प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. आमच्या फॉन्टात इंग्रजी चिन्हांच्या घरांत मराठी तुकडे बसवलेले असत. विंडोजच्या पश्चिम युरोपीय चिन्हांच्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही पाच घरे रिकामी आहेत. तिथे वस्ती करणारे कोणी रूपांतराच्या वाटेने गेले तर जाताना अक्षर असते आणि येताना प्रश्नचिन्ह. आमच्या फॉन्टात नेमका अर्धा श अशा एका घरात बिऱ्हाड करून होता. फॉन्ट बसला, पान उघडले, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘भौतिक?ास्त्र विभाग’ असे झळकले. समितीने विचारण्यापूर्वीच आम्ही आमच्या विभागाच्या अस्तित्वाविषयी २१४ वेळा प्रश्न उपस्थित केला होता.

मूळ प्रत? मूळ प्रत बाकात होती.

या प्रसंगी मामांनी मला एकही शब्द ऐकवला नाही. त्यांनी फक्त चाव्यांचा जुडगा काढला. मागच्या खोलीत जुनी विंडोज ९८ ची यंत्रे एकावर एक रचून ठेवली होती. ती कागदोपत्री जूनमध्येच भंगारात जायची होती, परंतु रजिस्टरवर एक सही राहिल्यामुळे मामांनी ती हलवू दिली नव्हती. एरवी या सहीवरून मी त्यांची बरीच थट्टा केली होती. तिसरे यंत्र सुरू झाले. त्यात सर्व पाने जशीच्या तशी होती, एकेका ओळीच्या सुटसुटीत टॅगसह आणि अर्ध्या शसकट. ती मी आठ फ्लॉप्यांवर उतरवली. पाचवी फ्लॉपी वाचता येईना, म्हणून ती नव्याने भरली, आणि बाहेर पाऊस व आत यूपीएसचा टुकटुकाट यांच्या साथीने पुन्हा एकवार नव्या यंत्रावर आणली.

आता काय? रूपांतर करावे तर श जातो आणि न करावे तर लंबक. मराठी मजकूर वेगळ्या फाइलींत काढण्याचा बेत मी रात्री अकरा वाजता मामांना सांगत होतो. मामा शेजारच्या यंत्रावर फॉन्ट बसवत होते, हे काम ते तोवर माझ्याहून चांगले करू लागले होते. कंट्रोल पॅनेल उघडून ते एकदम थांबले.

“सर, यात चहाचा कप कसला?”

चहा हे त्यांचे खाते असल्यामुळेच तो त्यांना दिसला. तो वास्तविक कॉफीचा कप होता, आणि जावाच्या प्लग-इनची ती खूण होती. त्यावर दोनदा टिचकी मारली, तेव्हा एक खिडकी उघडली. तिच्या ‘ब्राउझर’ नावाच्या पानावर साध्या भाषेत असे लिहिले होते, की पुढील ब्राउझरांत जावासाठी हेच प्लग-इन वापरावे. आणि खाली इंटरनेट एक्सप्लोररच्या नावासमोर एक रिकामा चौकोन होता. ‘नको त्या भानगडी’ म्हणून मी ज्यातली खूण काढली होती, तोच हा चौकोन. मामांनी खूण केली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. मूळचे, एका ओळीच्या टॅगचे, अविवाहित पान उघडले आणि लंबक हलू लागला. वर ‘भौतिकशास्त्र विभाग’ असे शुद्ध लिहिलेले होते.

म्हणजे रूपांतराची मुळात गरजच नव्हती. मी खुर्चीत बसून राहिलो. मामांनी उरलेल्या आठ यंत्रांवर आणि सकाळी प्राचार्यांच्या दालनातही तेवढी एकच खूण केली, आणि हे सर्व काम उरकायला त्यांना मला समजूत घालण्याइतकाही वेळ लागला नाही.

समिती आली. आमच्या आभासी प्रयोगशाळेत ती तीन मिनिटे थांबली. अध्यक्षांनी लंबक पाहिला, मान डोलावली आणि प्रसाधनगृह कोणत्या बाजूला आहे असे विचारले. दुसऱ्या सदस्यांनी मात्र डेड स्टॉक रजिस्टर मागवून घेतले आणि ते इतके नीटनेटके ठेवल्याबद्दल मामांचे सर्वांसमक्ष अभिनंदन केले.

पुढे त्या पानांनी अनेक पावसाळे पाहिले. २००६ मध्ये एका पेटंटच्या वादामुळे इंटरनेट एक्सप्लोररमध्ये प्रत्येक अ‍ॅप्लेटला आधी टिचकी मारून जागे करावे लागू लागले, ती प्रथा दोन वर्षांनी गेली. मग २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने अशा प्लग-इनांना दार लावले, आणि २०१८ मध्ये जावाच्या ११ व्या आवृत्तीतून प्लग-इनच वगळले गेले. लंबक पुन्हा करड्या चौकोनात गेला, आणि या खेपेला खूण करायला कोठे चौकोन नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या जागी आलेल्या, आणि कधीकाळी माझ्याच वर्गात असलेल्या प्राध्यापिकेचा फोन आला. वेबअसेम्ब्ली या ब्राउझरमधल्या नव्या तंत्राच्या आधारे जुनी अ‍ॅप्लेटे ब्राउझरमध्ये चालवणारी साधने आता निघाली आहेत, ती तिला वापरून पाहायची होती. “सर, रूपांतर वगैरे न केलेल्या अगदी मूळ फाइली आहेत का हो तुमच्याकडे? विभागाच्या कपाटात एक सीडी सापडली आहे, पण त्यावर काहीतरी भलतेच लिहिले आहे.”

काय लिहिले आहे, असे मी विचारले.

“ठळक मार्करने लिहिलंय,” ती म्हणाली, “‘बाक. मोडू नये.’ आणि खाली डेड स्टॉक क्रमांक आहे.”