‘आर्यन व्हॅली’ला निघण्याआधी

लडाखच्या टूरमध्ये हल्ली आपली मराठी मंडळीही ‘आर्यन व्हॅली’ आवर्जून घालून घेतात. दाह, हनू, गारकोन, दारचिक ही सिंधूकाठची ब्रोक्पा समाजाची गावं. परतल्यावर अल्बममध्ये फुलांच्या टोपीतल्या मुलींचे चेहरे आणि खाली ‘शुद्ध आर्य’, ‘सिकंदराच्या सैनिकांचे वंशज’. कृपा करून हे थांबवा. सिकंदर इ.स.पू. 326 मध्ये पंजाबातल्या बियास नदीवरूनच मागे फिरला. ब्रोक्पांची भाषा गिलगिट भागातल्या शिना भाषेच्या कुळातली, आणि आपण गिलगिटकडून आलो हे त्यांची स्वतःचीच गाणी सांगतात. होमस्टेच्या पाटीवर ‘आर्यन’ लिहिलेलं असतं, मान्य. ती पोटापाण्यासाठी लावलेली आहे. तिच्या भरवशावर पोरींच्या डोळ्यांचा रंग न्याहाळत फिरणं वाईटच.

लेहहून खलत्सेमार्गे दाह साधारण 160 किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन करायला गेलात की फसलात. पोचेपर्यंत दुपार, बायका शेतात, तुमच्या हातात जेमतेम तासभर. मग कुणाला तरी घाईने पोशाख चढवून उभं केलं जातं. तरुण मुली तो रोज घालत नाहीत, सणासमारंभाला घालतात. तेव्हा एक रात्र मुक्काम करा. शाळेमुळे बऱ्याच मुलींना हिंदी येतं. संध्याकाळी घरातल्या मोठ्या बायकांसोबत बसलात की गप्पा आपोआप होतात. फोटो हवा तर मोबाइल खिशात ठेवून आधी विचारा, आणि नको म्हटलं की विषय संपला. टोपीला हात लावू नका. तिच्यावरचं केशरी ‘फूल’ खरं तर फळाभोवतीचं कागदासारखं आवरण, आपल्या रानपोपटीच्या कुळातलं. वाळलं तरी रंग धरून राहतं, म्हणून त्याला एवढा मान.

नाश्त्याला ऑम्लेटचा हट्ट नको. अंडी, कोंबडी आणि गाईचं दूध परंपरेने वर्ज्य आहे, जुनी माणसं अजून पाळतात.

फोटोचे पैसे हातावर ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडून जर्दाळू घ्या. ताजे जुलै-ऑगस्टमध्ये, सुके नंतरही मिळतात. लडाखच्या ‘रक्तसे कारपो’ जातीला 2022 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. तिची बी पांढरी आणि आतला गर गोड, बदामासारखा खाता येतो. इतर जातींचा गर कडू लागला तर लगेच थुंका, मुलांना तर देऊच नका, कारण त्यातून पोटात सायनाइड तयार होतं. कुठली बी गोड, हे विकणाऱ्या मुलीलाच विचारा.