37,500 रुपयांत दुभती गाय येते कुठं?

सप्टेंबर 2025 मध्ये सीना-मांजरा खोऱ्यात महापूर आला. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं 31,628 कोटींचं मदतीचं पॅकेज जाहीर केलं, आणि तेव्हापासून एक मजकूर गटागटांत फिरतोय: 'जनावर वाहून गेलं तर पशुपालकाचा फायदाच. दुभत्याला 37,500, बैलाला 32,000, ही नवी खिरापत. मर्यादाही काढली, म्हणजे मेलेली दाखवा आणि कितीही उचला. विमा का काढत नाहीत?'

दर बरोबर दिलेत, मर्यादा निघाली हेही खरं. बाकी सगळं चूक.

फायदा कसला? चांगली दुभती म्हैस लाखाच्या आसपास जाते. गाईचा हिशेब करा: दिवसाला 12 लिटर दूध आणि लिटरला 34 रुपये धरले, तर खर्च वजा न करता तीन महिन्यांचं दूधच 37,500 च्या घरात जातं. वेत, म्हणजे एकदा व्याल्यावर दूध देण्याचा काळ, मात्र आठ-दहा महिने चालतं. वासरापासून तिला वाढवायला गेलेली वर्षं, वाहून गेलेला कडबा, भिजलेली पेंड यात कुठंच नाही. आणि मेंढपाळाचं तर कुणी नावही घेत नाही. केंद्राच्या 2022-26 च्या आपत्ती निकषांत मेंढीला 4,000 रुपये आहेत. एवढ्यात आज मोठी मेंढी येत नाही.

'नवी खिरापत' तर मुळीच नाही. हे दर केंद्राच्या त्याच निकषांतले आहेत. हे पैसे ज्या राज्य आपत्ती निधीतून येतात, त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. नवं काय झालं, तर तीन मोठ्या जनावरांची मर्यादा उठली. ती उठायलाच हवी होती. त्या नियमानं गोठ्यातल्या आठ गाई गेल्या तरी तीनचेच पैसे मिळायचे!

'कितीही उचला' म्हणणाऱ्यानं एकदा पंचनाम्याला उभं राहावं. तलाठ्याचा पंचनामा, पशुवैद्यकाचा अहवाल, फोटो, आधार, बँक पासबुक, आणि कानातला बारा अंकी बिल्ला. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ला नसेल तर आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाईच नाही. खोटा दावा कुठं होणारच नाही असं मी म्हणत नाही. पण पुरात शवच सापडत नाही, तेव्हा जो खरा गमावलेला आहे त्यालाच पुरावा गोळा करत फिरावं लागतं. धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसोबतचा फिरता मुक्काम, गावापासून शंभर कोसांवर असतो, कागद मात्र मूळ गावचे. त्यानं कुणाच्या दारात उभं राहायचं?

राहिला विमा. तो काढायलाच हवा, त्यात दुमत नाही. 2024 पासून केंद्राच्या योजनेत शेतकऱ्याचा हप्ता 15 टक्क्यांवर आलाय, उरलेला सरकार भरतं. पण ही योजना किती गोठ्यांत पोचलीय, ते गावात विचारून बघा. बिल्ला मारायला जो कर्मचारी येतो, त्याच्याच हाती विम्याचा अर्ज का देत नाहीत?