‘घड्याळ आहे ना, मग सायकल कॉम्प्युटर कशाला?’ : एका फॉरवर्डचा समाचार

मुंबईतल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. कोणी नवा माणूस ‘कुठला सायकल कॉम्प्युटर (म्हणजे हँडलबारवर बसवून वेग-अंतर दाखवणारं छोटं यंत्र) घेऊ?’ असं विचारतो आणि दुसरा कोणी तो मजकूर आणून चिकटवतो. त्याचा गोषवारा असा: हाताला स्मार्टवॉच असेल तर सायकल कॉम्प्युटर म्हणजे पैसे पाण्यात. आकडे दोन्हीकडे तेच, वेग-अंतरात फरक नाही, हृदयाचे ठोके तर घड्याळातच मिळतात, बॅटरी दिवसभर पुरते, रस्ताही घड्याळ दाखवतं, पावसात तेच टिकतं आणि पडलात तर मदतही तेच बोलावतं.

यातलं सगळं खोटं नाही, म्हणून तर तो पटतो. घोळ एवढाच की राइडची नोंद ठेवणं आणि राइड चालू असताना ती डोळ्यांसमोर दाखवणं ही दोन वेगळी कामं त्यात एकाच पिशवीत कोंबली आहेत. पहिल्या कामात घड्याळ कॉम्प्युटरच्या तोडीस तोड आहे, कधीकधी सरसही. दुसऱ्या कामात मात्र त्याची जागाच चुकीची आहे.

‘आकडे तेच, मग स्क्रीन कुठे का असेना!’

स्क्रीन कुठे आहे, यावरच सगळं अवलंबून आहे. रोड बाइकवर हात हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर, असले की तळवे एकमेकांसमोर येतात आणि घड्याळाची तबकडी बाहेर, शेजारच्या लेनकडे तोंड करून बसते. ती वाचायची तर मनगट वळवावं लागतं, म्हणजे बोटं ब्रेक लिव्हरवरून उचलावी लागतात. ताशी २५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. नजर खाली, मनगट वळलेलं, आकडा सापडेपर्यंत दोन सेकंद: तेवढ्यात १४ मीटर रस्ता न बघता गेला. लालबाग-परळच्या रस्त्यावर १४ मीटरांत खचलेला पेव्हर ब्लॉक, वर आलेलं मॅनहोलचं झाकण आणि टॅक्सीचं अचानक उघडलेलं दार, सगळं मावतं. स्टेमच्या (हँडलबार सायकलला जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढे बसवलेल्या कॉम्प्युटरकडे नुसते डोळे खाली वळवले की काम होतं, हात जागचे हलत नाहीत.

दुसरी अडचण स्क्रीन जागी होण्याची. मनगट उचललं की उजळणारी स्क्रीन उभ्या माणसाच्या हालचालीला धरून बनवलेली असते. पुढे झुकून बसल्यावर ती कधी उजळत नाही, तर कधी खड्ड्याच्या दणक्यानेच उजळते. घड्याळच वापरायचं असेल तर निदान स्क्रीन कायम चालू ठेवा, एका पानावर दोनपेक्षा जास्त आकडे ठेवू नका आणि पानं आपोआप बदलण्याची सोय बंद करा. सव्वा-दीड इंची तबकडीवर सहा आकडे मावतात खरे, पण ते थांबल्यावर वाचायचे.

सरळ हँडलबारची हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर ही तक्रार बरीच कमी होते, कारण तिथे हाताची पाठ वरच्या बाजूला असते. तसंच, घड्याळ हँडलबारवर बांधण्यासाठी रबरी ठोकळे मिळतात आणि तो तोडगा वाईट नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. मनगटावरचा हार्ट रेट सेन्सर सेटिंगमधून बंद करा, नाहीतर तो रबराचे ‘ठोके’ मोजत बसतो आणि राइडचा सगळा हिशेब बिघडवतो. आणि ॲपल वॉचला पासकोड असेल तर मनगटावरून निघाल्याबरोबर त्याला कुलूप लागतं, त्यासाठी मनगट ओळखण्याची सोय आधी बंद करावी लागते.

‘वेग आणि अंतर दोन्हीकडे सारखंच’

दोन्हीकडे फक्त जीपीएस असेल तर साधारण सारखंच, आणि दोन्हीकडे सारखंच चुकीचंही. नरिमन पॉइंट, लोअर परळ, बीकेसी इथे उपग्रहाचा सिग्नल काचेच्या इमारतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि नकाशावरची तुमची रेघ समोरच्या फुटपाथवर चढते. उड्डाणपुलाखालून गेलात तर वेग मध्येच शून्य होतो, मग उडी मारतो. येऊरच्या वळणांवर हळू चढताना यंत्र वळणं कापून सरळ रेघ जोडतं, म्हणून अंतर कमी भरतं. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारी नवी घड्याळं यात बरीच सुधारली आहेत. बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये उभं राहून ‘स्टार्ट’ दाबण्याची सवय मात्र कुठलंही यंत्र सुधारू शकत नाही. मोकळ्या आभाळाखाली या, सिग्नल पक्का होऊ द्या, मग निघा.

खरा उपाय चाकावर असतो. हबला, म्हणजे चाकाच्या मध्याला, गुंडाळायचा विनाचुंबक स्पीड सेन्सर चाकाचे फेरे मोजतो. त्याला इमारतींचं काही देणंघेणं नाही. तो बऱ्याच घड्याळांनाही जोडता येतो, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी हीच उपयोगाची गोष्ट नाही. चाकाचा परीघ बरोबर भरा: ७०० बाय २५ टायरचा सुमारे २१०५ मिलिमीटर, ७०० बाय ३२ चा सुमारे २१५५. बारीक टायर असताना जाड टायरचा आकडा राहिला तर १०० किलोमीटरला सव्वादोन-अडीच किलोमीटर फुकटचे जमा होतात. नेमका परीघ हवा असेल तर नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून चाक पूर्ण एक फेरा पुढे न्या आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. गार्मिन कंपनीचे सेन्सर हा आकडा जीपीएसवरून स्वतःच काढतात. तिथे पहिली राइड मोकळ्या रस्त्यावर करा, उदाहरणार्थ पाम बीच रोडवर.

केडन्स, म्हणजे पायडलचे मिनिटाला फेरे, मनगटावरून मिळत नाहीत. घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतं आणि सायकलवर हात स्थिर असतो. केडन्ससाठी क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) वेगळा सेन्सर लागतो. पॉवर मीटर, म्हणजे पायडलवरचा जोर मोजणारं यंत्र, घ्यायचा विचार असेल तर घड्याळ कुठले सेन्सर घेतं त्याची यादी आधी तपासा. गार्मिनचं फोररनर २४५ घड्याळ स्पीड-केडन्स सेन्सर घेतं, पॉवर मीटर घेत नाही. ॲपल वॉच २०२३ च्या वॉचओएस १० पासून तिन्ही सेन्सर घेतं, पण फक्त ब्लूटूथवरचे. जुना, नुसता एएनटी प्लसवर (सेन्सर जोडण्याच्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर) चालणारा पॉवर मीटर त्याला दिसतच नाही.

‘हृदयाचे ठोके घड्याळातच मिळतात’

मिळतात, पण ते ठोके खरे असतीलच असं नाही. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडून रक्ताच्या लहरी वाचतं. हँडलबार घट्ट धरला की मनगटाचे स्नायू आणि शिरा ताणल्या जातात, मनगट मागे वाकतं, तबकडी त्वचेपासून किंचित उचलली जाते आणि वर रस्त्याचे हादरे. एका लयीत चाललेल्या राइडमध्ये आकडा ठीक असतो. केम्प्स कॉर्नरचा चढ जोर लावून चढलात तर तो मागे रेंगाळतो: तुम्ही वर पोहोचून दम घेत असता तेव्हा घड्याळ ठोके वाढवत असतं. एक-दोन मिनिटांच्या इंटरव्हलसाठी, म्हणजे जोराच्या छोट्या टप्प्यांसाठी, अशा आकड्याचा उपयोग नाही.

पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून, एक भोक घट्ट करून बघा. थोडी सुधारणा होते. अचूकता हवी असेल तर छातीचा पट्टा लावा, तो हृदयाचे विद्युत संकेत थेट वाचतो. कोरड्या हवेत त्याचे इलेक्ट्रोड ओले करून घ्यावे लागतात. मुंबईत पहिल्या दहा मिनिटांचा घाम ते काम करतो, तरी आधी पाणी लावलेलं बरं. राइडनंतर पट्टा साध्या पाण्यात खळबळून वाळवा, नाहीतर मिठाचा थर बसून काही महिन्यांत आकडे वेडेवाकडे येऊ लागतात.

कॅलरींचंही असंच. पॉवर मीटर नसेल तर कॅलरी हा ठोक्यांवरून बांधलेला अंदाज असतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात जोर तेवढाच असूनही ठोके हळूहळू वर चढत जातात, आणि घड्याळाला वाटतं तुम्ही जास्त मेहनत केली. त्या आकड्याच्या भरवशावर दुसरा वडापाव मागवू नका.

‘बॅटरी दिवसभर पुरते’

‘दिवसभर’ म्हणजे ऑफिसचा दिवस, जीपीएस चालू असलेला नव्हे. साध्या ॲपल वॉचचा जीपीएससह मैदानी व्यायामाचा कंपनीचाच आकडा सात तासांच्या आसपास आहे, अल्ट्राचा बारा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) मुदत असते साडेतेरा तासांची, ६०० ला ४० तासांची. फोररनर २५५ जीपीएसवर ३० तासांपर्यंत चालतं, गार्मिनचाच एज ५४० कॉम्प्युटर सुमारे २६ तास. म्हणजे बॅटरीपुरतं सगळ्याच घड्याळांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण चार्जिंगचं काय? कॉम्प्युटर माउंटवर असतानाच बॅगेतल्या पॉवर बँकेतून वायर लावता येते. घड्याळाचं चार्जिंग मागच्या बाजूने, तेही ज्याचं त्याचं वेगळ्या वायरीने. म्हणजे ते हातातून काढावं लागतं, ठोक्यांची नोंद तुटते आणि कसाऱ्याच्या टपरीवर पंधरा मिनिटं वाट बघत बसावं लागतं. नेहमीच्या सकाळच्या दीड-दोन तासांसाठी मात्र हा मुद्दाच निकाली. तिथे फॉरवर्ड बरोबर आहे.

‘रस्ता घड्याळ दाखवतं’

पुढच्या वळणाआधी मनगटावर टकटक, ही सोय उत्तम आहे आणि गर्दीत स्क्रीनपेक्षा बरी. पण बऱ्याच मध्यम किमतीच्या घड्याळांत नकाशा नसतो, काळ्या पडद्यावर नुसती रेघ असते. भिवंडीच्या पुलांच्या जाळ्यात वरचा रस्ता धरायचा की खालचा, हे त्या रेघेवरून कळत नाही. यंत्र कुठलंही असो, मार्ग आदल्या रात्री स्वतः आखून त्याची जीपीएक्स फाइल (मार्गाची फाइल) यंत्रात भरा. मोटारीसाठी काढलेला मार्ग तुम्हाला बिनदिक्कत सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू किंवा पुणे एक्स्प्रेस वेवर पाठवेल आणि या चारही ठिकाणी सायकलला बंदी आहे. खंडाळा घाटातल्या शिंग्रोबाच्या चढावर ‘अजून किती उरलं’ हे रंगीत आलेखात समोर दिसणं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. काहींना ते न कळलेलंच बरं वाटतं.

‘पावसात घड्याळच टिकतं’

बांधणीपुरतं म्हणाल तर हो. चांगली घड्याळं ५ एटीएमची, म्हणजे पोहायला चालणारी असतात. बहुतेक कॉम्प्युटर आयपीएक्स ७ चे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. जुलैतल्या पावसाला दोन्ही पुरेत. कॉम्प्युटरच्या चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी झाकण नीट बसलंय ना, एवढं निघताना दाबून बघा.

अडचण टचस्क्रीनची आहे. टपोरे थेंब आणि जॅकेटची ओली बाही मिळून स्क्रीनवर बोटं फिरवल्यासारखं करतात. पानं उलटतात, राइड थांबते, कधी संपतेसुद्धा. बटणांचं यंत्र असेल तर टच बंद करा. ॲपल वॉचला पाण्याचं कुलूप (वॉटर लॉक) लावा. शिवाय पावसाळ्यात घड्याळ बाहीखाली असतं, म्हणजे पहिल्या मुद्द्यातली अडचण दुप्पट.

उंचीचे आकडे पावसात दोन्हीकडे घसरतात. हवेच्या दाबावरून उंची काढणारं यंत्र १ हेक्टोपास्कल फरकाला साधारण ८ मीटर धरतं. राइड चालू असताना दाब ३ हेक्टोपास्कलने उतरला तर मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर पंचवीसेक मीटर चढ जमा होतो. सेन्सरच्या बारीक छिद्रात घाम किंवा पाणी अडकलं तर आकडे आणखी उड्या मारतात. राइडनंतर गोड्या पाण्याने धुवा, पिनेने कोरू नका.

‘पडलात तर घड्याळच मदत बोलावतं’

हे मान्य, आणि फॉरवर्डमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. पडल्यावर सायकल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे जातो. घड्याळ माणसाबरोबर राहतं. पण ही सोय आयती चालू असेलच असं नाही. ॲपल वॉचवर पडणं ओळखण्याची सोय वय ५५ किंवा त्याहून जास्त नोंदवलेल्यांना आपोआप चालू मिळते, बाकीच्यांनी ती चालू आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघायचं. गार्मिनच्या बहुतेक घड्याळांत अपघाताची सूचना जोडलेल्या फोनमार्फत जाते. घाटात फोनला रेंज नसेल तर असं घड्याळ कितीही शहाणं असलं तरी संदेश निघत नाही. संपर्कात घरच्या दोघांचे नंबर भरा आणि ते नंबर अजून चालू आहेत ना, हे एकदा तपासा.

‘कॉम्प्युटर म्हणजे पैसे पाण्यात’

हा दावा गृहीत धरतो की कॉम्प्युटर म्हणजे तीस-चाळीस हजारांचा. स्पोकवर (चाकाच्या तारेवर) लावायच्या चुंबकाचा, वायरवाला साधा कॉम्प्युटर हजार-दोन हजारांत येतो. त्यात जीपीएस नसतं, नकाशा नसतो. वेग, अंतर, वेळ समोर दिसतात आणि बटण सेल महिनोन्महिने पुरतो. नोंद घड्याळ ठेवेल, दाखवायचं काम हा करेल. आठवड्याला दोनदा नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन येणाऱ्याला ही जोडी पुरते. चुंबक आणि सेन्सर यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. खड्ड्यातून गेल्यावर वेग शून्य दिसू लागला तर नव्वद टक्के वेळा चुंबक स्पोकवर सरकलेला असतो.

घड्याळ आणि जीपीएस कॉम्प्युटर दोन्ही असतील तर घड्याळाला ठोके प्रसारित करायला लावा आणि राइडची नोंद कॉम्प्युटरवरच करा. दोन्हीकडे ‘स्टार्ट’ दाबलंत तर स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर) एकच राइड दोनदा चढू शकते. कॉम्प्युटर माउंटला दोरीनेही बांधा, कारण स्वस्त माउंटचे प्लॅस्टिकचे कान आपल्या रस्त्यांवर तुटतात. आणि चहाला थांबलात की तो काढून खिशात टाका. घड्याळाच्या बाबतीत हा एक व्याप नाही, हे फॉरवर्डवाल्याला सुचायला हवं होतं.