कागद मुलींकडे, प्लांट मुलांकडे

फार्मा इंजिनीअरिंगमध्ये, म्हणजे औषधांचे कारखाने उभारण्या-चालवण्याच्या कामात, येऊ बघणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "मॅडम, या फील्डमध्ये मुलींना जमतं का?" जमतं. अडतं ते भलतीकडेच. नोकरी लागल्यावर सुरुवातीलाच कुणीतरी अगदी कौतुकाने म्हणतं, "मुली डॉक्युमेंटेशन फार नीट करतात, हिला क्वालिटीला (गुणवत्ता तपासणाऱ्या खात्याला) देऊ." आणि करिअरची दिशा तिथेच ठरून जाते.

क्वालिटीचं काम हलकं नाही. आपल्या धंद्यात ज्याची नोंद नाही ते झालंच नाही असं धरतात. पण आवडीने तिकडे जाणं वेगळं आणि कुणीतरी नेऊन बसवणं वेगळं. पुढे प्रोजेक्ट हेड किंवा प्लांट हेड निवडताना विचारलं जातं की शटडाऊन (प्लांट बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती) किती केले, लाइन कुठली उभी केली, मशीनच्या चाचणीला व्हेंडरकडे, म्हणजे ते बनवणाऱ्या कंपनीत, कोण गेलं होतं. इंजेक्शनच्या पाण्याचं ८० अंश सेल्सिअसवर सतत फिरवणारं पाइपांचं वर्तुळ, म्हणजे लूप, सुरू करताना पाइपचा उतार, वेल्ड, पाणी साचून राहील असा कोपरा हे सगळं समोर उभं राहून बघावं लागतं. ही संधी जिला दिलीच नाही तिला दहा वर्षांनी "प्लांटचा अनुभव नाही" म्हणायचं, याचा मला संताप येतो.

आणि हे क्षेत्र पहिल्यापासून पुरुषांचंच, असं म्हणायलाही जागा नाही. मार्गारेट हचिन्सन रूसो यांनी १९३७ मध्ये एमआयटीतून केमिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट घेतली. तिथे ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पेनिसिलिनची बुरशी आधी बाटल्यांत, पृष्ठभागावर वाढवत आणि हाती फारच थोडं औषध लागे. खोल टाकीत वाढवायची तर निर्जंतुक हवा आतपर्यंत पोचवायची, सतत ढवळायचं, तयार होणारी उष्णता काढून घ्यायची, आणि बाहेरचा एक जंतूही आत जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा पद्धतीने पेनिसिलिन बनवणाऱ्या पहिल्या व्यावसायिक प्लांटचं डिझाइन त्यांनी केलं. अमेरिकेतल्या केमिकल इंजिनीअरांच्या संस्थेने १९४५ मध्ये त्यांना सभासद करून घेतलं. तोवर तिथे एकही स्त्री नव्हती.

प्लांटवर बाई नसली की त्याचे परिणाम यंत्रातही उतरतात. क्लीनरूममध्ये, म्हणजे औषध बनवायच्या धूळ-जंतूविरहित खोलीत, कणांचा सगळ्यात मोठा स्रोत म्हणजे माणूस. म्हणून गाऊन अंगाबरोबर बसायला हवा. पुरुषांच्या मापाचा ढगळ कव्हरऑल बाईने घातला की कापड घासतं, बाही नको तिथे लागते. हा गैरसोयीपुरता प्रश्न नाही, औषधाच्या शुद्धतेचा आहे. आयसोलेटरचंही तसंच, म्हणजे ज्यात हातमोज्यांतून हात घालून काम करतात त्या बंद पेटीचं. हातमोज्यांच्या पोर्टची उंची डिझाइनच्या वेळीच ठरते, त्यासाठी आधी लाकडी मॉडेल करून लोकांना त्याच्यासमोर उभं करतात. अशाच एका मॉडेलपाशी मी हट्टाने आमच्या ऑपरेटर मुलींना घेऊन गेले. त्यांचे हात फिलिंगच्या सुईपर्यंत पोचत नव्हते. पोर्ट खाली घेतले, पायाखालचा प्लॅटफॉर्म वरखाली होईल असा केला. पुढे बुटक्या पुरुष ऑपरेटरांनाही त्याचाच फायदा झाला. मशीन बसल्यावर हे लक्षात आलं असतं तर कापाकापी करून सगळं व्हॅलिडेशन, म्हणजे मशीन ठरल्याप्रमाणे चालतं हे चाचण्यांनी सिद्ध करणं, नव्याने करायला लागलं असतं.

सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण म्हणजे, "हार्मोनच्या, कॅन्सरच्या औषधांच्या ब्लॉकमध्ये बाईला कसं पाठवायचं?" गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला तिथून दूर ठेवा, पगार आणि पद न घटवता. त्यावर माझं दुमत नाही. पण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या पावडरीत काम केल्याने पुरुष कामगारांची छाती वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. कॅन्सरवरची काही औषधं पुरुषांच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम करतात. पावडर हवेत उडत असेल तर ती कुणाच्याच छातीत जाता कामा नये. बंद ट्रान्सफर, आयसोलेटर, खोलीतली हवा बाहेर न जाता आतच ओढली जाईल असा ऋण दाब, हे करा. बाईला बाहेर ठेवून गळती थांबत नाही.

मुलींनो, रुजू होतानाच कमिशनिंग, म्हणजे नवी यंत्रं चालू करून देण्याचं काम, मागून घ्या, तेही लेखी. आणि खात्याच्या प्रमुखांना माझी विनंती आहे : येत्या शटडाऊनच्या यादीत तिचं नाव तिला न विचारता गाळू नका. रात्रपाळीला सुरक्षित वाहन, प्लांटजवळ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली यांची सोय यादी लावण्याआधी करा. यायचं की नाही हे ती स्वतः सांगेल.