सफरचंदाच्या रोपाचं ते वाक्य ल्यूथर यांचं नाही

‘उद्या जगाचा अंत होणार हे कळलं, तरी आज मी सफरचंदाचं रोप लावीन.’ सोळाव्या शतकातले जर्मन ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या चित्राखाली हे वाक्य सध्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय.

ल्यूथर १५४६ साली वारले. त्यांच्या ग्रंथांत, पत्रांत, जेवताना झालेल्या आणि शिष्यांनी टिपून ठेवलेल्या गप्पांतही हे वाक्य सापडत नाही. आजवर मिळालेला सर्वांत जुना लेखी पुरावा ऑक्टोबर १९४४ चा आहे, जर्मनीतल्या हेस्सेन भागातल्या चर्चच्या एका पत्रातला. तेव्हा शहरांवर बॉम्ब पडत होते. अशा वेळी कुणाला तरी या शब्दांचा आधार वाटला, हे मला फार हलवून जातं.

ल्यूथर यांनी खरोखर लिहिलेलं याहून जास्त घरातलं आहे. १५२२ साली विवाहित जीवनावर लिहिताना त्यांनी बाळाचे लंगोट धुणारा बाप रंगवला. लोक त्याला बायल्या म्हणून हसतात; पण तो हे काम विश्वासाने करतो म्हणून देव आणि सगळे देवदूत आनंदाने हसतात. साबणाचे हात, ओले लंगोट, आणि वर स्वर्ग प्रसन्न!

प्रभू येशूच्या पुन्हा येण्याची वाट पाहणाऱ्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीलाही प्रेषित पौलाने हेच कळवलं होतं: शांतपणे राहा, आपल्या हातांनी काम करा.

रोपाचं वाक्य आवडलं असेल तर जरूर पाठवा. फक्त खालचं नाव काढा.